संतुलित की असंतुलित? : घरगुती ध्वनिसंचातील जोडणीच्या निवडीची ऐतिहासिक मीमांसा (१८७६ ते २००५)

गोषवारा

घरगुती ध्वनिसंचातील उपकरणे एकमेकांना जोडण्याच्या दोन पद्धती आज प्रचलित आहेत. एक असंतुलित, म्हणजे सामान्यतः आरसीए प्लगाची; दुसरी संतुलित, म्हणजे सामान्यतः तीन पिनांच्या एक्सएलआर जोडाची. बाजारात या दोहोंकडे 'साधी' आणि 'उच्च दर्जाची' अशा उतरंडीने पाहिले जाते. या दोन पद्धती एकाच प्रश्नाची बरी-वाईट उत्तरे नसून दोन वेगळ्या प्रश्नांची, दोन वेगळ्या काळांत व जागांत मिळालेली उत्तरे आहेत, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी दूरध्वनी, नभोवाणी, ध्वनिमुद्रणगृह आणि दिवाणखाना असा या जोडण्यांचा प्रवास तपासला असून त्याआधारे निवडीचे व सुरक्षिततेचे काही निकष मांडले आहेत.

१. प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना लक्ष सहसा मोठ्या शोधांकडे जाते. ध्वनिमुद्रिका, निर्वात नलिका, ट्रान्झिस्टर, कॉम्पॅक्ट डिस्क यांचे इतिहास उपलब्ध आहेत. परंतु या साऱ्यांना एकत्र बांधणाऱ्या तारेचा आणि तिच्या टोकाला असलेल्या जोडाचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः ध्वनिसंचाच्या मागील बाजूस दिसणारी छिद्रे हा एक ऐतिहासिक दस्तऐवजच असतो. एका बाजूस तांबडे-पांढरे असे छोटे वर्तुळाकार आरसीए जोड, तर दुसऱ्या बाजूस तीन पिनांचे मोठे एक्सएलआर जोड. एकाच यंत्रावर, एकाच संकेतासाठी दोन व्यवस्था का असाव्यात, हा प्रश्न ग्राहकाला पडतो. त्याला बहुधा मिळणारे उत्तर असे, की दुसरी व्यवस्था 'प्रोफेशनल' असल्यामुळे अधिक चांगली.

हे उत्तर अपुरे आहे आणि काही वेळा धोकादायकही आहे. जोडणीचे कार्य समजून न घेता केलेल्या निवडीतून संचात घुमणारी गुणगुण उत्पन्न होते आणि ती घालविण्यासाठी अनेकदा यंत्राचे अर्थिंगच तोडले जाते. म्हणजे आवाजाच्या शुद्धतेचा हा प्रश्न अखेर घरातील माणसांच्या जीविताशी येऊन भिडतो. या पार्श्वभूमीवर, या दोन पद्धती कोठून आल्या, त्यांनी कोणते प्रश्न सोडविले आणि आजच्या घरात त्यांपैकी कोणती कोठे योग्य ठरते, याचा विचार येथे केला आहे. लेखाची व्याप्ती मुख्यतः अ‍ॅनालॉग संकेतांपुरती मर्यादित असून डिजिटल जोडण्यांचा उल्लेख तुलनेपुरता आला आहे.

२. उगम : दूरध्वनीची तार

संतुलित जोडणीचा जन्म संगीतासाठी झालेला नाही. तिचे मूळ दूरध्वनीत आहे, आणि दूरध्वनीची अडचण समजण्यासाठी त्याही आधीच्या तारयंत्राकडे जावे लागते. विद्युत् मंडल पूर्ण होण्यासाठी प्रवाहाला जाण्याचा आणि परतण्याचा असे दोन मार्ग लागतात. म्युनिकचे कार्ल ऑगस्ट फोन श्टाइनहाइल यांनी १८३८ मध्ये असे दाखवून दिले, की परतीच्या मार्गासाठी तार न वापरता जमिनीचाच उपयोग करता येतो. या शोधामुळे तारेचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला आणि एकतारी मार्गांचे जाळे जगभर पसरले. तारयंत्राला केवळ प्रवाह आहे की नाही एवढेच ओळखायचे असल्याने जमिनीतून येणाऱ्या लहानसहान व्यत्ययांचे त्याला फारसे सोयरसुतक नव्हते.

मार्च १८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचे पेटंट मिळाले आणि ही परिस्थिती बदलली. दूरध्वनीतील प्रवाह अत्यंत क्षीण आणि सतत बदलणारा होता. शिवाय त्याच्या टोकाला मानवी कान होता. आरंभीचे दूरध्वनी मार्ग तारयंत्राच्या धर्तीवर एकतारीच होते. परिणामी शेजारच्या तारमार्गावरील टकटक, दुसऱ्या दूरध्वनीवरील संभाषण आणि वातावरणातील विद्युत् क्षोभ हे सारे ऐकणाऱ्याच्या कानी येऊ लागले. १८८८ मध्ये अमेरिकेतील रिचमंड येथे फ्रँक स्प्रेग यांची विजेवर चालणारी ट्राम यशस्वी झाली. पुढे शहरोशहरी ट्रामगाड्या धावू लागल्या, तशी ही अडचण असह्य झाली. ट्रामचा प्रबळ प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परतत असे. तीच जमीन दूरध्वनीचाही परतीचा मार्ग होती. १८९० च्या सुमारास दूरध्वनी कंपन्या आणि ट्राम कंपन्या यांच्यात या कारणावरून न्यायालयीन वादही झाले. जमीन कोणाची, असा तो एका अर्थाने वाद होता.

यावरील तांत्रिक उत्तर मात्र बेल यांनी आधीच सुचविले होते. १९ जुलै १८८१ रोजी त्यांना मिळालेल्या २,४४,४२६ क्रमांकाच्या अमेरिकी पेटंटात जमिनीऐवजी परतीची दुसरी तार वापरणे आणि त्या दोन तारा एकमेकींभोवती पिळणे, ही कल्पना मांडलेली आहे. तिचे मर्म सोपे आहे. दोन तारा अगदी जवळ असतील तर बाहेरून येणारा व्यत्यय दोहोंवर सारखाच पडेल. ग्राहक यंत्र जर केवळ दोन तारांमधील फरकच ऐकत असेल, तर दोन्हीकडे सारखा असलेला व्यत्यय त्या फरकात उरणारच नाही. खांबांवरील उघड्या तारा पिळणे शक्य नसे. म्हणून ठराविक अंतरावर त्यांच्या जागांची अदलाबदल करण्याची पद्धत रूढ झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दुसरी तार म्हणजे दुप्पट धातू आणि दुप्पट खर्च होता. कंपन्यांनी हा खर्च स्वीकारला, कारण लांब अंतर आणि परकी विद्युत् व्यवस्था यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. संतुलित जोडणी ही गरजेतून आलेली होती, चैनीतून नव्हे.

३. नभोवाणी व ध्वनिमुद्रणगृह : वारशाचा स्वीकार

१९२० च्या दशकात नभोवाणीचा उदय झाला, तेव्हा सभागृहातील किंवा स्टुडिओतील कार्यक्रम दूर असलेल्या प्रक्षेपकापर्यंत नेण्यासाठी दूरध्वनीच्याच तारा उपलब्ध होत्या. त्यामुळे नभोवाणीच्या अभियंत्यांनी दूरध्वनीची परिभाषा, मोजमापे आणि रोहित्रे जशीच्या तशी उचलली. खांबांवरील तारांच्या जोडीचा लाक्षणिक संरोध सुमारे ६०० ओहम असे. म्हणून ६०० ओहम हे प्रमाण ध्वनिक्षेत्रात रुजले. या ६०० ओहममध्ये एक मिलिवॉट शक्ती खर्च होण्यासाठी ०.७७५ व्होल्ट दाब लागतो. डेसिबेलची व्यावसायिक मोजणी आजही याच विचित्र वाटणाऱ्या आकड्यापासून सुरू होते. १९३९ मध्ये बेल प्रयोगशाळा, एनबीसी आणि सीबीएस यांच्या सहकार्यातून व्हीयू मापक प्रमाणित झाला. त्याच्या रचनेमुळे त्यावरील शून्य हे या मूळ पातळीपेक्षा चार डेसिबेलने वर ठरले. म्हणजेच स्टुडिओतील 'अधिक चार' ही सुमारे १.२३ व्होल्टची पातळी त्या काळाची देणगी होय.

ध्वनिग्राहकाच्या बाबतीत संतुलनाची गरज आणखी तीव्र होती. ध्वनिग्राहकाचा संकेत काही मिलिव्होल्टचा, तार कित्येक मीटर लांब आणि आजूबाजूस दिवे व विद्युत् यंत्रे. अशा ठिकाणी दोन वाहक तारा आणि त्यांभोवती स्वतंत्र आवरण-जाळी ही रचना अपरिहार्य ठरली. लॉस एंजेलिस येथील कॅनन इलेक्ट्रिक या कंपनीच्या एक्स मालिकेतील जोडाला पुढे खटक्याची कडी आणि नंतर रबराचे आसन मिळाले. १९५० च्या दशकात त्यातून एक्सएलआर हे नाव रूढ झाले. १९६६ मध्ये नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी ४८ व्होल्टचा 'फँटम' विद्युत्‌पुरवठा असलेला ध्वनिग्राहक सिद्ध केला. दोन्ही वाहकांवर सारखाच दाब दिल्यास फरक शून्य राहतो आणि तो दाब संकेतात मिसळत नाही, या संतुलनाच्या तत्त्वावरच ही युक्ती उभी आहे. व्यत्यय टाळण्यासाठी शोधलेले तत्त्व येथे वीज पोहोचविण्याच्या कामी आले.

४. दिवाणखान्याचा वेगळा वारसा

याच काळात घरगुती ध्वनियंत्रांचा प्रवास निराळ्या वाटेने चालला होता. १९३० च्या दशकातील रेडिओ आणि ग्रामोफोन एकत्र असलेली लाकडी कपाटे ही एकाच उत्पादकाची, एकाच चौकटीतील आणि एकाच विद्युत्‌पुरवठ्यावर चालणारी यंत्रे होती. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, म्हणजे आरसीए, या कंपनीने या कपाटाच्या आतील भाग जोडण्यासाठी एक स्वस्त, सुटसुटीत प्लग प्रचारात आणला. मधोमध संकेताची एक पिन आणि भोवती परतीचे धातूचे कडे, एवढीच त्याची रचना. तारेची लांबी हात-दीड हात असताना आणि दोन्ही टोके एकाच कपाटात असताना याहून अधिक कशाचीच आवश्यकता नव्हती.

पुढे १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीची दीर्घवादन तबकडी आली, १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात स्थिरावल्या आणि हौशी श्रोते तबकडीयंत्र, विवर्धक व टेपयंत्र वेगवेगळ्या उत्पादकांकडून घेऊ लागले. कपाट फुटले, परंतु कपाटातला प्लग तसाच राहून यंत्रांच्या पाठीवर आला. कपाटाच्या आत राहण्यासाठी जन्मलेला जोड निरनिराळ्या पेट्यांना जोडण्याचे काम करू लागला. त्याच्यातील एक उणीव आजही अनुभवास येते. प्लग खोचताना मधली पिन आधी टेकते आणि परतीचे कडे नंतर. म्हणून चालू संचात हा प्लग काढला वा घातला तर ध्वनिक्षेपकांतून मोठी घरघर उठते. संच बंद करूनच हा प्लग हाताळावा, या सर्वपरिचित सूचनेचे मूळ येथे आहे.

किमतीचा विचारही येथे निर्णायक होता. खरी संतुलित जोडणी त्या काळी रोहित्रांवाचून होत नसे आणि चांगले रोहित्र महाग असे. १९७० च्या दशकाच्या आरंभी टीअ‍ॅक कंपनीच्या चार-मार्गी टेपयंत्रांसारख्या साधनांमुळे घरच्या घरी बहुमार्गी ध्वनिमुद्रण शक्य झाले. या यंत्रांनी आरसीए जोड आणि 'उणे दहा', म्हणजे ०.३१६ व्होल्टची, घरगुती पातळी स्वीकारली. असंतुलित जोडणीने ध्वनिमुद्रण सामान्य कलावंताच्या आवाक्यात आणले, हे तिचे सामाजिक श्रेय नोंदविणे आवश्यक आहे.

५. गुणगुण कोठून येते?

दोन परंपरांमधील भेद प्रत्यक्षात कोठे जाणवतो, हे समजण्यासाठी गुणगुणीचे कारण पाहिले पाहिजे. असा एक समज आहे, की तार ही अँटेनाप्रमाणे हवेतून गुणगुण ओढून घेते आणि अधिक जाड आवरण हा त्यावरील उपाय आहे. काही प्रसंगी हे खरेही असते. परंतु घरगुती संचातील गुणगुण बहुतांशी हवेतून येत नाही, ती तारेतूनच वाहत येते.

असंतुलित तारेत आवरण-जाळी दोन कामे करते. ती संकेताचा परतीचा मार्ग असते आणि दोन यंत्रांच्या धातूच्या सांगाड्यांना जोडणारा दुवाही असते. विजेवर चालणाऱ्या दोन यंत्रांचे सांगाडे कधीच तंतोतंत समान दाबावर नसतात. दोन पिनांच्या यंत्रात वीजपुरवठ्याच्या अंतर्गत धारित्रतेमुळे अल्पसा गळती-प्रवाह सांगाड्यावर येतो. तीन पिनांच्या दोन यंत्रांत घरातील अर्थिंगच्या तारांमध्ये थोडा दाबभेद असतो. हा गळती-प्रवाह आवरण-जाळीतून वाहतो आणि तिच्या रोधामुळे तेथे जो दाब निर्माण होतो, तो थेट संकेतात मिसळतो. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्यामुळे ही गुणगुण ५० व १०० हर्ट्‌झ आणि त्यांच्या पटींत ऐकू येते. ट्राम आणि दूरध्वनी यांचा एकोणिसाव्या शतकातील तंटाच येथे लहान प्रमाणावर पुन्हा घडतो : परतीचा मार्ग एक आणि त्यावर हक्क सांगणारे दोन.

काही आकडे उदाहरणादाखल घेऊ. गळती-प्रवाह ०.१ मिलिअँपिअर आणि तारेच्या आवरणाचा एकूण रोध १ ओहम असेल, तर व्यत्यय १०० मायक्रोव्होल्ट होईल. कॉम्पॅक्ट डिस्क यंत्राच्या कमाल २ व्होल्ट संकेताच्या तो ८६ डेसिबेल खाली असेल. तीच तार आखूड आणि दाट जाळीची असून रोध ०.०२ ओहम असेल, तर व्यत्यय २ मायक्रोव्होल्टवर येतो आणि संकेताच्या १२० डेसिबेल खाली जातो. तो ऐकू येण्याचा प्रश्नच राहत नाही. याउलट, तीन पिनांची दोन यंत्रे दूरच्या दोन सॉकेटांवर असून आवरणाच्या दोन टोकांत ५ मिलिव्होल्टचा फरक उत्पन्न झाला, तर व्यत्यय केवळ ५२ डेसिबेल खाली राहील आणि शांत खोलीत स्पष्ट ऐकू येईल. या ठिकाणी ६० डेसिबेल व्यत्यय-निरास असलेली संतुलित जोडणी वापरल्यास तोच व्यत्यय संकेताच्या ११२ डेसिबेल खाली जाईल. तात्पर्य, एकच असंतुलित जोडणी एका घरात निर्दोष आणि दुसऱ्या घरात असह्य ठरू शकते. दोष जोडणीच्या जातीचा नसून परिस्थितीचा असतो.

६. 'संतुलन' या संज्ञेचा अर्थ

संतुलित जोडणीचे वर्णन करताना बहुतेक पुस्तिकांत असे लिहिलेले असते, की एका तारेत संकेत सुलट आणि दुसऱ्या तारेत तोच संकेत उलट असतो. हे वर्णन सर्रास आढळत असले तरी ते संतुलनाचे लक्षण नव्हे. दोन्ही वाहक तारांचा जमिनीच्या संदर्भात असलेला संरोध समान असणे, हे संतुलनाचे खरे लक्षण होय. संरोध समान असतील तरच बाहेरील व्यत्यय दोन्ही तारांवर सारखा उमटेल आणि फरक घेताना नाहीसा होईल. एका तारेत पूर्ण संकेत आणि दुसरीत काहीच संकेत नसला, तरी संरोध समान असल्यास जोडणी संतुलितच असते. उलट, संकेत कितीही सममित असला आणि संरोध विषम असला, तर व्यत्यय-निरास ढासळतो. समतोल साधलेल्या व्हीटस्टन सेतूशी याचे साम्य आहे.

जून १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकाने आवरण आणि भूयोजन या विषयाला वाहिलेला अंक प्रसिद्ध केला. त्यातील दोन लेख या विषयाच्या इतिहासात निर्णायक ठरतात. नील मन्सी यांनी दाखवून दिले, की अनेक यंत्रांत एक्सएलआर जोडाची पहिली पिन, म्हणजे आवरण, सांगाड्याला न जोडता आतील मंडलाच्या भूमीला जोडलेली असते. त्यामुळे आवरणावरील प्रवाह यंत्राच्या अंतर्भागात शिरतो आणि संतुलित जोडणी असूनही गुणगुण येते. हा दोष 'पिन एकचा प्रश्न' या नावाने ओळखला जाऊ लागला. बिल व्हिटलॉक यांनी संरोधाच्या समतेचा मुद्दा ठामपणे मांडला. त्याचे गणित सोपे आहे. प्रेषकाच्या दोन तारांच्या संरोधात १० ओहमचा फरक असेल आणि ग्राहक विवर्धकाचा प्रत्येक तारेपासून जमिनीपर्यंतचा संरोध १०,००० ओहम असेल, तर व्यत्यय-निरास सुमारे ६० डेसिबेलवरच अडतो, मग कारखान्यातील मापन काहीही सांगो. रोहित्रात हाच संरोध ५० हर्ट्‌झला कोट्यवधी ओहम असल्यामुळे इतका फरक त्याला सहज पचतो. ज्या रोहित्रांना जुनाट व खर्चिक समजून १९७० नंतर हद्दपार केले गेले होते, त्यांचे महत्त्व अशा रीतीने पुन्हा प्रस्थापित झाले.

मानकांचा इतिहासही याच दिशेने जातो. एक्सएलआरची दुसरी पिन धन की तिसरी, याबाबत उत्पादकांत दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती. १९९२ च्या एईएस-१४ मानकाने दुसरी पिन निश्चित केली. पहिली पिन सांगाड्यालाच जोडावी, हा दंडक घालून देणारे एईएस-४८ मानक २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. बेल यांच्या पेटंटापासून १२४ वर्षांनी आवरण कोठे जोडावे याचा लेखी नियम तयार व्हावा, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

७. एक्सएलआरचा दिवाणखान्यात प्रवेश

१९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तबकडीची करकर आणि टेपची सळसळ नाहीशी झाल्यावर आतापर्यंत झाकली गेलेली गुणगुण उघडी पडली. त्यानंतरच्या काळात महागड्या घरगुती यंत्रांवर एक्सएलआर जोड दिसू लागले. त्यामागे काही प्रमाणात तांत्रिक कारण होते आणि काही प्रमाणात स्टुडिओच्या प्रतिष्ठेचे आकर्षण.

या प्रवेशाबरोबर एक भ्रमही आला. बहुतेक घरगुती यंत्रांत एक्सएलआर मार्गे मिळणारा संकेत आरसीए मार्गापेक्षा दुप्पट दाबाचा, म्हणजे ६ डेसिबेल अधिक असतो. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांच्या १९३३ च्या संशोधनापासून हे ज्ञात आहे, की आवाजाची पातळी वाढली की मंद्र व तार स्वरांची जाणीव अधिक भरीव होते. साहजिकच, पातळी समान न करता केलेल्या तुलनेत संतुलित जोडणी अधिक 'मोकळी' आणि 'खोल' वाटते. ते श्रेय जोडणीचे नसून आवाजाच्या चढ्या पातळीचे असते. शिवाय, काही यंत्रांत एक्सएलआर जोडाच्या आत संकेत लगेच असंतुलित करून पुढे नेला जातो. याला फसवणूक म्हणता येणार नाही, कारण व्यत्यय-निरासाचे काम प्रवेशद्वाराशीच व्हायचे असते. मात्र केवळ जोड पाहून यंत्राच्या अंतरंगाविषयी अनुमान काढता येत नाही.

असंतुलित म्हणजे हौशी ही समजूत डिजिटल क्षेत्राच्या इतिहासातही टिकत नाही. १९८५ च्या एईएस-३ मानकाने व्यावसायिक वापरासाठी ११० ओहमची संतुलित तार निवडली, तर घरगुती एसपीडीआयएफ पद्धतीने ७५ ओहमची समाक्ष तार आणि आरसीए जोड ठेवला. परंतु १९९५ मध्ये त्याच संस्थेने एईएस-३आयडी या दस्तऐवजाद्वारे व्यावसायिक संकेत ७५ ओहमच्या असंतुलित समाक्ष तारेतून अधिक दूरवर नेण्याची पद्धत सांगितली. ज्या संकेताला जी तार अनुरूप, ती व्यावसायिक. एवढाच याचा अर्थ.

८. निवडीचे निकष आणि सुरक्षितता

वरील विवेचनाच्या आधारे घरगुती संचासाठी पुढील निकष मांडता येतील.

पहिला निकष अंतराचा. एकाच कपाटातील, एकाच विद्युत् पट्टीवर चालणाऱ्या यंत्रांसाठी मीटरभर लांबीची, दाट जाळीची आरसीए तार पुरेशी आहे. विवर्धक ध्वनिक्षेपकांपाशी ठेवला असेल, किंवा ध्वनिक्षेपकांच्या आतच विवर्धक असतील आणि तार खोलीच्या कडेने कित्येक मीटर न्यावी लागत असेल, तर संतुलित जोडणी निवडावी.

दुसरा निकष अर्थिंगचा. अर्थिंग असलेले एकच यंत्र आणि बाकी दोन पिनांची यंत्रे, अशा संचात असंतुलित जोडणी सहसा त्रास देत नाही. अर्थिंग असलेली दोन वा अधिक यंत्रे, संगणक किंवा केबल दूरदर्शनची तार संचाला जोडली की वलय तयार होते. अशा वेळी संतुलित जोडणी, अथवा तारेच्या ग्राहक टोकाला विलगीकरण रोहित्र, हे योग्य उपाय होत. केबलच्या तारेसाठी स्वतंत्र विलगक मिळतात.

तिसरा निकष यंत्रांच्या मिश्रणाचा. प्रेषक यंत्रावर आरसीए आणि ग्राहक यंत्रावर एक्सएलआर असल्यास दोन वाहक व आवरण अशी तार वापरून, तिसऱ्या पिनेचा वाहक आरसीए टोकाशी आवरणाला जोडल्यास संतुलित ग्राहकाचा बराच लाभ पदरात पडतो. उलट दिशेने जोडताना मात्र तिसऱ्या पिनेचे काय करावे, हे प्रेषक यंत्राच्या रचनेवर अवलंबून असल्यामुळे त्याची पुस्तिका पाहणे इष्ट.

चौथी बाब तबकडीयंत्राची. त्याच्या ग्राहकातील वेटोळ्याची दोन्ही टोके सामान्यतः जमिनीपासून मुक्त असतात. म्हणजे स्वभावतः तो संतुलनास अनुकूल स्रोत आहे. त्याचा संकेत मिलिव्होल्टचा किंवा त्याहून कमी असल्याने येथे संतुलित जोडणीचा लाभ खरोखर संभवतो. आरसीए जोड वापरायचा झाल्यास भुजेची वेगळी भूमी-तार विवर्धकाच्या स्क्रूला जोडणे विसरू नये.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. गुणगुण थांबविण्यासाठी तीन पिनांच्या प्लगातील अर्थिंगची जाड पिन काढून टाकणे, तिची तार सोडविणे किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावणे, ही प्रथा पुष्कळ ठिकाणी आढळते. गुणगुण थांबते, म्हणून हा उपाय यशस्वी वाटतो. प्रत्यक्षात अर्थिंगचे काम ध्वनीशी संबंधित नाही. यंत्रात बिघाड होऊन २३० व्होल्टची तार सांगाड्याला टेकली, तर मोठा प्रवाह अर्थिंगमधून जाऊन फ्यूज वा एमसीबी तुटावा, हे तिचे काम आहे. पिन काढल्यावर तो सांगाडा जिवंत राहतो आणि त्याला आरसीए तारेने जोडलेले दुसरे प्रत्येक यंत्रही जिवंत होऊ शकते. परतीचा मार्ग तेव्हा ती बारीक तार तरी बनते, नाहीतर तिला स्पर्श करणारा माणूस. म्हणून अर्थिंग तोडणे हा कोणत्याही परिस्थितीत उपाय मानता येत नाही. सर्व यंत्रे एकाच पट्टीवरून चालविणे, तार आखूड करणे, रोहित्र बसविणे किंवा संतुलित जोडणी स्वीकारणे, असे चार निर्धोक मार्ग उपलब्ध असताना जिवाची जोखीम पत्करण्याचे काही कारण उरत नाही.

९. समारोप

संतुलित जोडणी लांब अंतराच्या आणि परक्या प्रवाहांच्या सान्निध्यात जन्मली. असंतुलित जोडणी एका कपाटाच्या आत, काटकसरीतून. पहिलीने दूरध्वनी, नभोवाणी आणि ध्वनिमुद्रण शक्य केले. दुसरीने चांगला ध्वनी सामान्यांच्या घरात पोहोचविला. दोहोंपैकी कोणतीही स्वभावतः श्रेष्ठ नाही. घर हे जोवर 'एक कपाट' असते तोवर असंतुलित जोडणी पुरते. घरातील संच संगणक, केबल, दूरवरचे ध्वनिक्षेपक यांच्याशी जोडला जाऊन जेव्हा लहानशा स्टुडिओचे रूप घेतो, तेव्हा स्टुडिओची जोडणी आवश्यक ठरते.

ग्राहकाने म्हणून यंत्राच्या पाठीवरील जोडाची प्रतिष्ठा न पाहता तीन प्रश्न विचारावेत : तार किती लांब आहे, अर्थिंग किती ठिकाणी आहे, आणि परतीचा मार्ग कोणाकोणाच्या वाट्याला आला आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर निवड बहुधा आपोआप होते, आणि प्लगाची तिसरी पिन तिच्या जागी शाबूत राहते.